सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०: इंजिनाचं काय काय बघू?

दांडियाबाजारकर: बडोद्यातच एक २०१७ची व्हीआरएस बघून आलोय. १९८४ सीसी टर्बो पेट्रोल, २३० पीएस ताकद, ३५० एनएम टॉर्क. गाडी मनात भरलीय, पण बाबा म्हणतात, पांढरा हत्ती पोसशील. इंजिन टिकतं का?

अलकापुरीचे काका: टिकतं रे, बिनधास्त बघ. ब्लॉक बिडाचा आहे, व्हॉल्व्ह चालवायला बेल्टऐवजी टायमिंग चेन. नाजूक जागा म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग. ते इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या खाली दडलेलं असतं आणि तिथून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) झिरपतं. टॉर्च मारून बघ, गुलाबीसर सुकलेला थर दिसला तर भाव पाडून माग. आणि सकाळी गाडी थंड असताना जा, सेल्फ तुझ्यासमोर मारायला लाव. सुरू होताच चेनच्या बाजूने खडखड आली, तर सरळ घरी ये. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा, लाजू नकोस.

निजामपुरा_गिअर: डीएसजीच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल माग. सहा गिअरचा, तेलात चालणारा वेट क्लच आहे, ६०,००० किमीला तेल बदलावंच लागतं.

दांडियाबाजारकर: काका, अहमदाबाद एक्सप्रेसवेवर नेहमी जाणं असतं. टर्बोला त्रास?

अलकापुरीचे काका: उलट मोकळ्या रस्त्यावर खूश असतं हे इंजिन. फक्त ताणून पळवल्यावर लगेच चावी फिरवू नकोस. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश आण, टर्बोतलं तेल करपत नाही. ऑइल मात्र कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच.