पणजोबांच्या ट्रंकेत दोन मेडल सापडलीत, कुणी सांगेल का?

कृष्णाकाठ (सांगली)
तासगावजवळच्या गावातलं जुनं घर उतरवताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली, त्यात फेट्यात गुंडाळलेली दोन मेडल. एक चांदीचं असावं, पार काळं पडलंय, एका बाजूला राजाचं तोंड आणि मागं घोड्यावर उघडा माणूस, १९१४ आणि १९१८. दुसरं पितळेसारखं, पंखवाली बाई आहे. कडेला बारीक इंग्रजी अक्षरं आहेत पण ११७ आणि मराठा एवढंच लागतंय. आजी सांगायची पणजोबा बसऱ्याला (इराकात) होते. चुलते म्हणतायत सराफाला दाखव, चांदी केवढ्याला गेलीय. माझं मन होईना. आणि यांना पकडून नेलेलं का आपणहून गेलेले?

माजी सुभेदार, सातारा
पहिलं म्हणजे घासू नका. चिंच, राख, पावडर काही नको, कडेची अक्षरं झिजली की सगळं गेलं, तिथं नंबर, हुद्दा, नाव, पलटण असतं. दोन्ही पहिल्या महायुद्धातली, चांदीचं ते ब्रिटिश वॉर मेडल, दुसरं व्हिक्टरी मेडल, ते ब्राँझचं असतं, त्याची फीत इंद्रधनुष्यी. ११७ मराठा म्हणजे आत्ताची ५ मराठा लाइट इन्फंट्री. ही पलटण इराकातल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, शेवटी घोडी कापायची वेळ आली आणि आपल्या पोरांनी कितीतरी दिवस ते मांस तोंडाला लावलं नाही, उपाशी राहिली पण. ताऱ्यासारखं तिसरं मेडल आहे का बघा. ते १९१५ संपायच्या आत लढाईवर पोचलेल्यांना मिळायचं. नसेल तर पणजोबा बहुतेक नंतर गेले.

कोरडवाहू
सक्तीची भरती हिंदुस्थानात नव्हती, इंग्लंडात १९१६ ला आली. कागदावर सगळे स्वखुशीचे. पण शिपायाला महिना ११ रुपये आणि घरी पाऊस नसलेलं रान, मग खुशी कसली ते तुम्हीच बघा. तरी मी त्यांना बिचारे म्हणणार नाही, आमच्याकडच्या, साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात जाऊन या, त्या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले.

माजी सुभेदार, सातारा
नाव लागत नसेल तर अंधारात मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, मेडल हळूहळू फिरवा. नंबर मिळाला की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला लिहा.

कृष्णाकाठ (सांगली)
सुभेदार साहेब, तारा नाही, ट्रंक दोनदा उपसली. पण टॉर्चनं अक्षरं उठली!! नंबर, सिपॉय, आणि मग पणजोबांचं नाव, स्पेलिंग चुकीचं आहे पण त्यांचंच. चुलत्यांना चष्मा दिला, त्यांनी बोट ठेवत ठेवत दोनदा वाचलं आणि मेडल परत फेट्यात बांधून स्वतःच्या कपाटात ठेवलं. बेळगावला पत्र उद्या टाकतोय.