जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला जावं का?

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी. पुण्यातून राज्यशास्त्रात बी.ए. झालंय. जिनिव्हाच्या ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, शिष्यवृत्ती नाही. बाबा म्हणतात, एवढं कर्ज डोक्यावर घेण्यापेक्षा यूपीएससी दे. यूएन त्याच गावात असल्याचा विद्यार्थ्याला खरंच काही फायदा होतो, की नुसते बाहेरून फोटो काढायचे?

लेमानची_लाट:
अभिनंदन गं! मी तिथेच दुसऱ्या वर्षाला आहे. फोटोला यूएनसमोर तीन पायांवर उभी असलेली मोडकी खुर्ची आहेच, भूसुरुंगांच्या निषेधाची. पुढचं आपल्या खटपटीवर.

यूएनच्या मानवी हक्क परिषदेची वर्षात तीन नियमित सत्रं भरतात. मोठ्या सभागृहातली भाषणं तुला सांगलीत बसून वेबकास्टवर दिसतील, त्यासाठी कर्ज काढू नकोस. खरी गंमत ठरावांच्या अनौपचारिक वाटाघाटींत असते. छोट्या एनजीओंना टिपणं काढायला माणसं लागतात. एनजीओ यूएनची मान्यताप्राप्त असेल तर त्यांच्यामार्फत आत जायचा बॅज मिळतो. आत पडद्यावर मसुदा लावलेला, वादातला मजकूर चौकोनी कंसात, आणि एकेका परिच्छेदाचा कीस पाडणं चाललेलं.

मागच्या सत्रात माझ्या शेजारी एका चिमुकल्या बेटदेशाच्या बाई होत्या. त्यांच्या मिशनमध्ये, म्हणजे यूएनसाठीच्या देशाच्या कचेरीत, माणसं बोटांवर मोजण्याइतकी. डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) मासेमारी अनुदानावरची बैठक होती म्हणून त्या मध्येच उठल्या. त्यांची हरकत असलेला परिच्छेद नेमका त्यानंतर आला आणि कुणी चकार शब्द न काढता पुढे सरकला. समोर बड्या देशांचे मात्र विषयागणिक वेगळे अधिकारी. सत्ता म्हणजे सैन्य आणि पैसा हे पुस्तकात वाचलं होतं. खुर्चीत बसवायला माणूस असणं हीसुद्धा सत्ता, हे तिथे बसून कळलं.

आता बाबांच्या बाजूने. आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना काम करायला पहिले सहा महिने थांबावं लागतं, नंतरही कॉलेजचं सत्र चालू असताना आठवड्याला १५ तासच. यूएन सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि डब्ल्यूएचओ पैसे देतात, त्यामुळे तिकडे झुंबड. २०२५ पासून निधी आटल्याने जिनिव्हातल्या संस्थांमध्ये नोकरकपात चालू आहे, हेही त्यांना सांग. घर तर विचारूच नकोस. वसतिगृहाचा अर्ज आजच कर. स्वस्त पडतं म्हणून फ्रान्सच्या बाजूला राहायचा सल्ला कुणी दिला तर लक्षात ठेव, त्याला फ्रेंच व्हिसा वेगळा लागतो.

माझं मत विचारशील तर पदवीनंतर यूएनमध्ये चिकटायचं एवढ्याच आशेवर येऊ नकोस. करार आणि ठराव कसे शिजतात हे बघण्यात रस असेल तर ये.

दिल्लीकर_विदर्भी:
जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे ना बाप्पा! १९५५ साली सुरू झालेली संस्था, १९७० मध्ये जेएनयूत आली. फी अगदीच किरकोळ, अन् दूतावास इथेही ढीगभर हायेत. आधी इथे एम.ए. कर, पीएचडीला जा बाहेर.

लेमानची_लाट:
दादा, सल्ला खरा आहे. पण तिचा प्रवेश हातात आहे, जेएनयूची परीक्षा अजून द्यायचीय.

जुनी_गिरणी:
गेलीसच तर प्रबंधाला एक विषय सुचवतो. ना. म. जोशी, ज्यांच्या नावाचा रस्ता लोअर परळला आहे, ते १९१९ साली वॉशिंग्टनला आयएलओच्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. देश पारतंत्र्यात, तरी भारत आयएलओचा आणि यूएनच्या आधीच्या राष्ट्रसंघाचाही संस्थापक सभासद! आयएलओचं जुन्या कागदपत्रांचं दफ्तर जिनिव्हातच आहे आणि राष्ट्रसंघाचं यूएनच्या वाचनालयात. मराठी वाचता येणाऱ्याने इकडची वर्तमानपत्रं त्या कागदांशेजारी ठेवून बघावीत.

कृष्णाकाठ_सांगली:
सगळ्यांचे आभार. काका, विषय वहीत टिपून घेतला. ताई, फ्रेंच किती लागतं? आणि कुकर न्यायचा का?

लेमानची_लाट:
वर्ग इंग्रजीत चालतात, पण घरमालकाशी फ्रेंचच. पुण्यात आलियांसमध्ये आत्ताच क्लास लाव. कुकर आण, तीन लिटरचा पुरे. शिट्टी मात्र दोन जास्तीच्या घे.