पहिलं लग्न लपवलं: घटस्फोट की विवाह रद्द?

प्रश्न: नाशिकला लग्न झालं. नवऱ्याचं आधी एक लग्न झालेलं होतं, हे आता कळलं. काय करावं?

उत्तर १: पहिली बायको हयात असून घटस्फोट झालाच नसेल, तर हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ११. लग्न मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने झालंच नाही; मुदतीचा प्रश्न नाही. घटस्फोट होऊन तो लपवला असेल तर कलम १२, फसवणुकीमुळे लग्न रद्द. मग कळल्यापासून १ वर्षात अर्ज.

उत्तर २: आणि कळल्यावर राजीखुशीने एकत्र राहिलात, की कलम १२ संपलं! बहुतेक इथेच घसरतात. कळल्याची तारीख पुराव्याने बांधा: आधीच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाची) प्रमाणित नक्कल, बायोडाटा, मेसेज.

उत्तर ३: अर्ज नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात. लग्नाला वर्ष पूर्ण होण्याची अट घटस्फोटाला आहे, लग्न रद्द करण्याच्या अर्जाला नाही.