मदत हवी आहे: रोज सकाळी मासे वर, दुपारी सगळं ठीक

काचघर
लवकर सांगा प्लीज. गेले आठ दिवस रोज सकाळी निऑन टेट्रा पार वर येऊन तोंडाची उघडझाप करत बसतात. कल्ले भराभर हलतात. अकरा-बारा वाजले की आपोआप खाली जातात आणि दिवसभर मजेत. काल दोन मेले. पाणी आरशासारखं स्वच्छ आहे, फिल्टर चांगल्यातला आहे, झाडंही भरपूर आहेत. मग हे काय? औषध कुठलं टाकू तेवढं सांगा.

निवांत
औषधाचं नंतर बघू. टाकी किती लिटरची? मासे कोणते, किती? सुरू करून किती दिवस झाले? तापमान? पाणी कधी बदललं? आणि पाणी स्वच्छ दिसण्याला काही अर्थ नाही. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

मीठवाला
जाडं मीठ टाका. पंधरा वर्षं मासे पाळतोय, निम्मी दुखणी मिठानेच जातात.

काचघर
६० लिटर. तीन महिने झाले. दर रविवारी पाव पाणी बदलतो, क्लोरीन घालवायचं औषध घालूनच. १० निऑन (आता ८), ४ कोरी (तळाला राहणारे छोटे कॅटफिश), १ फायटर.

शेवाळराव
@मीठवाला, झाडांच्या टाकीत आणि तेही कोरी असताना मीठ? दुखणं काय ते कळायच्या आधीच?

मीठवाला
झाडं परत मिळतात. मासे मिळत नाहीत.

शेवाळराव
मासेही मिळतात हो. मुद्दा तो नाही.

चंदेरी
फायटर आणि निऑन एकत्र? फायटरनेच मारले असणार. मी हे भोगलंय. शेपटीच्या कडा कुरतडलेल्या आहेत का बघा.

काचघर
शेपट्या धड आहेत. फायटर कुणाच्या वाटेला जात नाही. उलट सकाळी तो आणि कोरी एकदम ठणठणीत असतात, त्रास फक्त निऑनना. म्हणूनच मला वाटतं निऑनना काही रोग झालाय.

निवांत
अहो, हे आधी नको का सांगायला! फायटरला कल्ल्यांखेरीज लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, तो वर येऊन सरळ हवा घेतो. कोरीसुद्धा मध्येच वर झेपावून हवा गिळतात आणि ती आतड्यातून शोषतात. निऑनला कल्ल्यांवाचून गत्यंतर नाही. म्हणजे ज्यांना हवा घेता येते ते ठीक आणि ज्यांना येत नाही ते गुदमरतायत. रोग कसला, ऑक्सिजन कमी पडतोय. रात्री काय करता टाकीचं?

काचघर
रात्री काही नाही. लाइट बंद, फिल्टर बंद, झोप.

निवांत
फिल्टर बंद??

काचघर
टाकी बेडरूममध्ये आहे, घरघर होते. मासेही झोपतातच ना तेव्हा? आणि झाडं आहेत की ऑक्सिजन द्यायला.

शेवाळराव
झाडं ऑक्सिजन देतात ती उजेडात. अंधार झाला की तीही आपल्यासारखीच श्वास घेतात, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन खातात. जितकी झाडं जास्त तितकं रात्रीचं खाणं जास्त. पहाटे, दिवा लागायच्या जरा आधी, ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. दुपारी पानांवर मोत्यासारखे बुडबुडे दिसतात ना? तोपर्यंत तुमचे निऑन खाली गेलेले असतात. तुमचं वेळापत्रक अगदी जुळतंय.

तेजोमय
टाकीच्या मागे काळा कागद लावा. निऑनची निळी रेघ काय खुलते म्हणून सांगू! फोटो टाका ना टाकीचा.

बुडबुडा
सोपं आहे. एअर पंप आणा, नळीला बुडबुडे काढणारा दगड लावून सोडा, काम फत्ते.

निवांत
एअर पंप चालेल, पण बुडबुड्यांतून ऑक्सिजन फारसा विरघळत नाही. पाण्याचा वरचा थर हलतो, खालचं पाणी वर येतं, त्याने काम होतं. फिल्टरचं तोंड वर करून पृष्ठभाग थरथरता ठेवला तरी तेच होतं.

बुडबुडा
मग सगळे लोक दगड विकत घेतात ते वेडे का?

निवांत
वेडे नाहीत. बुडबुडे वर जाताना पाणी ढवळतात, म्हणून उपयोग होतोच. मी कारण सांगतोय, पंप नको म्हणत नाही.

शेवाळराव
एक गोष्ट मात्र जुळत नाही. फिल्टर तीन महिने रात्री बंदच असेल, तर त्रास आठच दिवसांपूर्वी का सुरू झाला? तेव्हा काय बदललं, @काचघर?

काचघर
काहीच नाही. हां, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) जोडला. साखर-यीस्टची बाटली, घरीच केली. पण ती झाडांसाठी आहे, माशांचा काय संबंध?

शेवाळराव
😐

शेवाळराव
यीस्टला रात्र-दिवस कळत नाही, बाटली चोवीस तास वायू सोडत राहते. दिवसा झाडं तो वापरतात. रात्री वापरणारं कुणी नाही, उलट झाडं आणि मासे त्यात आपली भर घालतात. फिल्टर बंद, पाणी स्थिर, म्हणजे तो बाहेरही जात नाही. पाण्यात सीओटू वाढला की माशाच्या रक्तातला बाहेर टाकायला जड जातं आणि ऑक्सिजन धरायला रक्त कमी पडतं. आज रात्रीपासून नळी पाण्याबाहेर काढून ठेवा. बाटलीचं झाकण घट्ट करून वायू कोंडू मात्र नका, फुटेल.

निवांत
तापमान अजून सांगितलं नाहीत.

काचघर
२९. फायटरला गरम आवडतं म्हणून हीटर तिथे ठेवलाय.

निवांत
२५-२६ वर आणा, हळूहळू, दिवसाला एखादा अंश. फायटरला तेवढं चालतं आणि निऑनला २९ जास्तच होतं. शिवाय २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच्या आसपास. म्हणजे तुम्ही चारही बाजूंनी नाक दाबलंय बिचाऱ्यांचं.

मीठवाला
नायट्राइट तपासा, अमोनियापासून पाण्यात होणारं ते दुसरं विष. मग माझी आठवण येईल.

काचघर
तपासलं. अमोनिया ०, नायट्राइट ०.२५, नायट्रेट २०. हे चांगलं की वाईट?

निवांत
स्थिरावलेल्या टाकीत नायट्राइट शून्य हवं. ते संपवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये असतात आणि त्यांनाही ऑक्सिजन लागतो. रात्रभर फिल्टर बंद म्हणजे रोज त्यांचाही गळा आवळला जातो. फिल्टर अखंड चालू ठेवलात की हेही सुधारेल. आणि स्पंज धुताना नळाखाली धरू नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

मीठवाला
आणि नायट्राइट रक्तात गेलं की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही. म्हणून म्हणत होतो.

शेवाळराव
हे बरोबर आहे. मानलं. पण त्याला चिमूट पुरते, मूठ नको. ६० लिटरला अर्धा लहान चमचा पुष्कळ झाला.

मीठवाला
मूठ कुणी म्हटलं होतं?

कासवगती
माझ्या कासवाचे डोळे सुजलेत, इथे कुणी सांगेल का?

निवांत
वेगळा धागा काढा. आणि आधी प्राण्यांच्या डॉक्टरना दाखवा.

काचघर
जाता जाता, क्रिप्टोकोरिनची पानं विरघळून चिखल झालीत. त्यासाठीच तर सीओटू सुरू केला होता. उपटून टाकू?

शेवाळराव
उपटू नका! नवीन पाण्यात आलं की ते झाड असंच पानं टाकतं. मेलेली पानं कापून काढा, मुळं हलवू नका, काही आठवड्यांत नवी फुटतील. सीओटूची गरजच नव्हती.

काचघर
चार दिवस झाले. फिल्टर रात्रंदिवस चालू, बाटली काढूनच टाकली, तापमान २६. निऑन सकाळी खालीच असतात. नायट्राइट ०. मीठ टाकलं नाही, सॉरी काका. आता फक्त फिल्टरच्या घरघरीने मला झोप नाही. वेगळा धागा काढू का?

निवांत
इथेच विचारा. टाकी कशावर ठेवलीय?

काचघर
लाकडी कपाटावर.

निवांत
कपाटात काय आहे?

काचघर
काही नाही, रिकामं आहे. हेही सांगायला हवं होतं का?