मदत हवी आहे: कांदा मार्केटच्या कथांना वाचक कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

मी लासलगावकडचा. वडील बाजार समितीत मापारी, म्हणजे मालाचं वजन करणारे होते, त्यामुळे माझ्या कथा तिथल्याच. ट्रॅक्टर ओळीने लागलेत, व्यापारी कांदा हातात दाबून बघतोय, भाव पुकारला जातोय आणि शेतकरी नुसता त्याच्या तोंडाकडे बघत उभा, अशा.

वर्षभरापासून एका कथांच्या अ‍ॅपवर लिहितोय, पण तिथलं गणित काही जमेना. रोज भाग टाकणारा वर दिसतो. भाग सात-आठशे शब्दांचा, शेवट 'दार उघडलं आणि समोर...' असा. श्रीमंत नवरा, करारावरचं लग्न, सूड, या मालिका शंभर-शंभर भाग चालतात. (नावं ठेवत नाही, मीही रात्री जागून वाचल्यात.) माझी कथा तीन हजार शब्दांत संपते. तुकडे करून टाकली, तर पहिला भाग वाचणारे निम्मेही शेवटाला पोचत नाहीत. फेसबुकवर लिंक दिली की नातेवाईक लाइकचा अंगठा देऊन पुढे. 'तुम्ही माझी वाचा, मी तुमची वाचतो'वाले पाच तारे देतात, पण कथा उघडलेलीही नसते.

तर मालिकाच लिहावी का? आणि ऑनलाइन टाकलेली कथा दिवाळी अंकाला चालते का?

प्रतिसाद १
अंकाचं आधी सांगते. बहुतेक संपादक अप्रकाशित साहित्य मागतात आणि अ‍ॅपवरचं, ब्लॉगवरचं प्रकाशितच धरतात. गणपतीपर्यंत बरेच अंक भरलेले असतात, तेव्हा पावसाळा लागताच पाठवा. चांगल्यातल्या दोन-तीन कथा त्यासाठी राखून ठेवा. फेसबुकवर नुसती लिंक नको. लिलावाचा अख्खा प्रसंग पोस्टमध्येच द्या आणि लिंक खाली कमेंटमध्ये.

प्रतिसाद २
दादा, एका कथेचे तुकडे नकोच. मापारी तोच, मार्केट तेच, दर आठवड्याला गोष्ट मात्र नवी आणि पूर्ण. मधूनच आलेल्या वाचकाचं अडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि लिलाव बंद पडले, त्यावर काही लिहिलंय का? कांदा उत्पादकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, तुमचा वाचक तिथे आहे.

धागाकर्ता
ताई, आभार. निर्यातबंदीवरची कथा लिहून तयार आहे, कुठेच टाकलेली नाही. ती आता अंकासाठीच ठेवतो. ग्रुपचं म्हणाल तर अवघड आहे, भाव सोडून दुसरं काही आलं की अ‍ॅडमिन उडवतो. त्याच्याशी बोलून बघतो, रविवारी लिलाव नसतात तेव्हा एखादी गोष्ट चालेल का म्हणून. मापाऱ्याची मालिका पटली. पण दर भागाला वेगळं नाव द्यायचं की एकाच नावाखाली आकडे टाकायचे?