लघवी घटली की सलाईन वाढवावे काय?

भूलतज्ज्ञ: "शस्त्रक्रियेत लघवी कमी झाली म्हणजे मूत्रपिंड बिघडू लागले, सलाईन वाढवावे, न भागल्यास लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड द्यावे," हे सर्जनमहोदयांचे विधान वाचून गप्प बसवत नाही. शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीर पाणी धरून ठेवते आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पोटात वायू भरला की निरोगी मूत्रपिंडाचीही लघवी घटते. फ्युरोसेमाइडने लघवीची पिशवी भरते, मूत्रपिंड वाचत नाही. अल्प मात्रेतील डोपामाइन हे औषध मूत्रपिंड वाचवते, हा असाच भ्रम 2000 साली फिटला. लक्ष ठेवायचे ते (वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेल्या) सरासरी रक्तदाबावर, कारण तो 65 मिमी पाऱ्याच्या खाली रेंगाळला तर धोका वाढतो आणि जुन्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला 65ही पुरेलच असे नाही.

सर्जन: म्हणजे रक्तदाब चढवणारे नॉरअॅड्रेनालिन लावून आकडा सजवायचा आणि पाणी थेंबाथेंबाने मोजायचे! 2018च्या 'रिलीफ' चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे सुमारे 3000 रुग्ण होते. हात राखून सलाईन दिलेल्यांपैकी 8.6 टक्क्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली, सढळ गटात 5 टक्क्यांच्या.

भूलतज्ज्ञ: आकडे मान्य आहेत, पण पिशवी पाहून सलाईन ओता, असे ती चाचणी कुठेही सांगत नाही.

रुग्णाची मुलगी: आपण दोघेही शस्त्रक्रियागृहातच अडकला आहात. माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. त्यानंतर वॉर्डात रक्तदाबाचे रामिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची इंजेक्शने दिली गेली, नीट जेवण नसल्याने शरीर आधीच कोरडे पडले होते, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालत नसल्यास रक्तात वाढणारा घटक) वाढल्याचे मलाच दाखवून द्यावे लागले.

सर्जन: एका अनुभवावरून औषधाला फाशी देऊ नका. वेदनेने अंग चोरून पडलेला रुग्ण खोल श्वास घेत नाही, मग न्यूमोनिया होतो. त्याचे उत्तर आपण देणार काय?

रुग्णाची मुलगी: वेदना सोसा असे मी म्हटलेलेच नाही, तेव्हा माझ्या तोंडी वाक्ये घालू नका.

भूलतज्ज्ञ: रुग्णाच्या मुलीचे म्हणणे रास्त आहे. धडधाकट मूत्रपिंडाला थोड्या दिवसांचे डायक्लोफेनॅक बहुधा सोसते. या तिन्ही औषधांची एकत्र गाठ पडली की मूत्रपिंडाला रक्तपुरवठा सावरून धरण्याचे मार्गच खुंटतात. अशा रुग्णाला पॅरासिटामॉल आणि नर्व्ह ब्लॉक (ठरावीक नस बधिर करणारे इंजेक्शन) द्यावेत.

सर्जन: सलाईनबाबत माझे मत कायम आहे. वॉर्डात डायक्लोफेनॅक लिहिणारे आम्हीच असतो, हे नाइलाजाने मान्य करतो. भूलतज्ज्ञांनीही भूल उतरल्यावर रुग्णाला ओळख दाखवली तर उपकार होतील.