मदत हवी आहे: आंबोलीचा ऑन्थोफॅगस शेणकिडा, नवी प्रजाती की जुनीच?

घाटवाट:
आंबोलीजवळ खासगी जमिनीत (मालकाच्या परवानगीने) गव्याच्या शेणात मिळालेले ९ नर, ५ माद्या. लांबी ६ ते ८ मिमी, रंग काळा, प्रोनोटमवर (डोक्यामागच्या पाठीवरच्या कवचावर) हिरवट झाक. ॲरोच्या भारतीय शेणकिड्यांवरच्या १९३१च्या खंडातली किल्ली (लक्षणांवरून प्रजाती ओळखायचा तक्ता) लावतोय, पण शिंगांपाशी गाडी अडते. ४ नरांना लांब, मागे वळलेली शिंगं. बाकीच्यांच्या डोक्यावर नुसता आडवा कंगोरा. दोन प्रजाती मिसळल्यात का? नमुने इथाइल ॲसिटेटने मारून टाचणीवर सुकवलेले आहेत.

भिंगवाला:
शिंगांवरून काहीच ठरवू नका. ऑन्थोफॅगसमध्ये एकाच प्रजातीत थोर (मोठे, लांब शिंगांचे) नर आणि लहान नर असतात. अळीला शेणगोळ्यात खाणं कमी मिळालं की प्रौढ लहान होतो आणि ठरावीक आकाराखाली शिंग जवळपास उगवतच नाही. प्रत्येक नराच्या प्रोनोटमची रुंदी आणि शिंगाची लांबी मोजून आलेख काढा. सगळे बिंदू एकाच इंग्रजी एस आकाराच्या वक्रावर बसले, तर दोन प्रजाती मानायला हा पुरावा नाही. ९ नर त्याला अपुरे आहेत, २५-३० तरी हवेत.

खरा निकाल एडीॲगसवर, म्हणजे नराच्या जननेंद्रियावर. सुका नमुना कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, सांधे सैल होईपर्यंत ठेवा. मग मागच्या टोकाशी पायजिडियमखालून (पोटाच्या शेवटच्या कवचाखालून) टोक वाकवलेली बारीक सुई घालून एडीॲगस ओढून घ्या. तो १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये (१०० मिली द्रावणात १० ग्रॅम) घालून बाटली गरम पाण्यात धरा आणि दर पाच मिनिटांनी बघा. स्नायू विरघळले की थांबा. जास्त वेळ ठेवलं तर आतल्या पिशवीतली लॅमेला, म्हणजे ओळखीची सगळ्यात भरवशाची कडक पट्टी, पारदर्शक होऊन दिसेनाशी होते. नंतर व्हिनेगरचा थेंब टाकलेल्या पाण्यात धुऊन ग्लिसरीनमध्ये घ्या.

पॅरामिअर (एडीॲगसच्या टोकाकडचे जोडभाग) बरोब्बर कडेने बघा. किंचित कललं तरी टोकाचा आकार वेगळा दिसतो, आणि अशा कललेल्या चित्रांवरून 'नव्या' प्रजाती झालेल्या आहेत. कॅनडा बाल्सममध्ये (स्लाइडवर नमुना चिकटवायच्या राळेत) दाबू नका, चपटं होतं. ग्लिसरीनच्या कुपीत घालून त्याच टाचणीवर लावा.

तळटीप:
हिरव्या झाकेवरही फार विसंबू नका, प्रकाश बदलला की तीही बदलते. आधी ब्रशने माती काढा, दिव्याभोवती ट्रेसिंग पेपरचं कडं लावा आणि प्रोनोटमवरचे खड्डे बघा: एकाच आकाराचे की लहानमोठे मिसळलेले, प्रत्येकातून केस निघतो की नाही, मागच्या कडेकडे विरळ होतात का. किल्लीत हेच उपयोगी पडतं.

डीएनए हवा असेल तर पुढचे नमुने थेट ९६ टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये टाका. इथाइल ॲसिटेटने डीएनएची वाट लागते.

जुन्या नावांचे बरेचसे टाइप (ज्यांवरून नाव दिलं ते मूळ नमुने) लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांत आहेत. जवळच्या प्रजातींच्या टाइपची छायाचित्रं मागवल्याशिवाय 'नवी' म्हणू नका. लेखात सर्वांत जवळची प्रजाती कोणती आणि फरक कोणते, हे नेमकं लिहा. 'आकाराने मोठी, रंगाने गडद' एवढ्यावर भागत नाही.

घाटवाट:
एडीॲगस वेगळा निघालाच, तर होलोटाइप (नव्या नावाचा आधार ठरणारा एकच नमुना) कोणता निवडू? आणि कागदपत्रांचं काय?

तळटीप:
ज्याचा एडीॲगस काढून तपासलाय आणि ज्याचे स्पर्शक, पाय शाबूत आहेत असा थोर नर. लाल लेबल लावा. लहान नर आणि माद्या पॅराटाइपमध्ये (वर्णनासाठी वापरलेल्या बाकीच्या नमुन्यांत) घ्या, पण वर्णनात दोन्हींचा स्वतंत्र परिच्छेद द्या, नाहीतर पुढच्या माणसाला लहान नर ओळखताच येणार नाही.

प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेप्रमाणे होलोटाइप नेमणं आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार हे छापणं, दोन्ही सक्तीचं आहे. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) आधी नोंद करा आणि ती नोंद लेखातच छापलेली हवी. जैवविविधता कायदा २००२, कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने नेमलेल्या भांडाराकडे द्यावे लागतात. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे आधी विचारा.

भिंगवाला:
एक राहिलं. ऑन्थोफॅगस पुल्लिंगी आहे, म्हणून गावावरून नाव दिलंत तर शेवट 'एन्सिस', 'एन्से' नाही. आणि लेख छापून येईपर्यंत ते नाव पोस्टरवर किंवा फेसबुकवर टाकू नका.